कोंब आणि मिशी
पैज लागली सुताराच्या दारात. शेजारची मावशी म्हणाली, "उजाड टेकडीवरची तोडलेली खोडं पुन्हा पालवतील. गल्लीनं राखण करायची, मधल्या जागेत कडधान्य पेरायचं." सुतार खिदळला, "मावशी, लाकूड मला कळतं. मेलीत ती! पालवली तर चौकात मिशी उतरवतो." "नाहीच पालवली तर तुझ्या शेळ्या सोड तिथं." पण सुताराला चैन पडेना. रोज गुपचूप जाऊन तो साल खरवडून बघायचा. एके सकाळी खोडाला करंगळीएवढा कोंब दिसला. आसपास चिटपाखरू नव्हतं. खुडला की मिशी शाबूत, टेकडीही शेळ्यांची! हात पुढं गेला, थबकला. याला पानं कशी येतात, ते बघायचंच होतं. आपल्याच शेळ्यांच्या भीतीनं भोवती काटे रचून त्यानं स्वतःच मावशीला बोलावलं. रविवारी भरचौकात मिशी भादरणाऱ्या न्हाव्याला सुतार म्हणाला, "आटप लवकर, आज राखणीची पाळी माझीय!"