चौकातील फ्लेक्स

कर्करोगाच्या पेशी शरीरात कशा पसरतात, या संशोधनासाठी माझी कन्या सलोनी हिला पीएचडी प्राप्त झाली, तेव्हा मी भोसरीच्या चौकात तिचा भव्य फ्लेक्स लावला. मजकूर मी स्वतःच रचला : ‘कर्करोगाचा नायनाट करणाऱ्या डॉक्टर सलोनी यांचे हार्दिक अभिनंदन!’ तिने फोनवर बजावले होते, “बाबा, आठ मायक्रॉनच्या छिद्रातून पेशी कशी निसटते, ते मी बघते. पेशंट नाही तपासत.” लेथवर आयुष्य गेल्यामुळे मायक्रॉन मला समजला, पुढचे वाक्य मी मनावर घेतले नाही. ती सुट्टीत घरी आली त्याच सकाळी माझे कारखान्यातील सोबती अर्जुनराव पत्नीची फाइल घेऊन दारात आले. “पोरी, दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली व्हती. म्या म्हनलं, फ्लेक्सवरची आपलीच पोर येनार हाय, आधी तिला दाखवू.” फाइल वाचताना सलोनीचा चेहरा उतरला. “काका, तारीख उलटून किती दिवस झाले?” “दीड महिना झाला आसंल.” दीड महिन्यात त्या पेशी कुठवर जाऊ शकतात, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होते. “काकूंना घ्या. आत्ताच हॉस्पिटलला जाऊ,” एवढेच ती म्हणाली. रिक्षात अर्जुनरावांनी माझा हात दाबला. “राव, तुमचा फ्लेक्स दिसला म्हनून बरं.” रिक्षा चौकातून वळली, तेव्हा वहिनींनी त्या फ्लेक्सला हात जोडले. सलोनीने माझ्याकडे पाहिले नाही.