दुसऱ्या कडव्यातलं दूध

“एवढ्याशा डबीला डॅक म्हणतात?” कोंडीरामांनी विचारलं. “आणि करते काय ही?”

“मोबाइलमध्ये गाणं आकड्यांत असतं, बाबा. त्या आकड्यांचा ही परत आवाज करते. मोबाइलपण करतो, पण उरकून टाकल्यासारखा. ही एकदम बारकाईने करते.” प्रफुल्ल वायरी जोडता जोडता बोलत होता. “कोण कुठे बसून गातंय, ते दिसेल तुम्हाला!”

“आवाज दिसणार म्हणे,” कोंडीराम बायकोला म्हणाले. “पोराला ताप आहे का बघ.”

कांताबाई हसल्या नाहीत. नायगावच्या चाळीतली ही एवढी एक खोली पुढच्या रविवारी रिकामी करायची होती. बत्तीस वर्षांपूर्वी कोंडीरामांच्या गायन पार्टीचं भीमगीत इथेच रेकॉर्ड झालं. पार्टी दाराकडे तोंड करून बसली होती, समोर दोन माइक. कॅसेटच्या कव्हरवर नावं चार. पाचवी आपण होतो, मागे ओट्यापाशी उभं राहून कोरसला गायलो, असं कांताबाई तेव्हापासून सांगत होत्या. दुसऱ्या कडव्याला दूध उतू गेलं म्हणून तेवढं एक कडवं सुटलं, हेही न चुकता सांगायच्या. त्या दुधावर तर पाहुणे पोट धरून हसायचे. घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांचा आवाज कधी कोणाला ऐकू आला नव्हता, आणि कोंडीरामांचं एकच पालुपद होतं, “तू चहा करत होतीस.” कांताबाईंना ते अजूनही लागायचं.

आता रेकॉर्डिंगवाल्याच्या घरून मूळ टेप मिळवून प्रफुल्लने तिची कॉपी करून आणली होती. त्याने गाणं लावलं.

दोन्ही स्पीकर कपाटावर सख्ख्या भावांसारखे चिकटून बसले होते. आवाज स्वच्छ आला, पण सगळा एकाच गाठोड्यात बांधल्यासारखा.

“दुकानदार डबी परत घेतो का विचार,” कोंडीराम म्हणाले.

प्रफुल्लने कपाळावर हात मारला. “माझाच गाढवपणा! डबी काय करणार बिचारी?”

घर हलवायला बांधलेली खोकी आयतीच होती. ओट्याच्या दोन बाजूंना त्याने त्यांची थप्पी लावली, वर एकेक स्पीकर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे ओढला, तोंडं जराशी आत वळवली. आईबाबांना दाराशी खुर्च्यांवर बसवलं आणि परत गाणं लावलं. या वेळी गाठोडं सुटलं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाणं पसरलं. कोंडीराम ताठ बसले.

“बंद कर,” कांताबाई म्हणाल्या.

“का गं आई?”

“पेटी चुकीच्या जागी वाजतेय. बाबुराव कॉटला टेकून बसले होते. कपाटातून कशी येईल त्यांची पेटी?”

प्रफुल्लने डबीच्या मागे वाकून पाहिलं. लाल वायर पांढरीच्या जागी होती, म्हणजे उजवीकडचा आवाज डावीकडून येत होता. महिनाभर याच गोष्टींचे व्हिडिओ बघणाऱ्याची चूक आईने बसल्या जागेवरून पकडली होती!

त्याने वायरींची अदलाबदल केली.

“अरे, हा बघ बाबुराव!” कोंडीराम ओरडलेच. “हा इथे, कॉटपाशी! आणि ढोलकी, सीताराम, कपाटाला खेटून! गुणाजी त्याच्या बाजूला. मध्ये मी. काय आवाज होता रे माझा!” बाबुरावांना जाऊन आठ वर्षं झाली होती. कोंडीरामांनी कॉटकडे बघून हात वर केला आणि तो तसाच राहिला.

पहिल्या कडव्यानंतर कोरस उठला. सगळ्यांच्या मागे, खोल, ओट्यावर एक बारीक आवाज होता.

“मागे कोणीतरी आहे,” प्रफुल्ल कुजबुजला.

“गुणाजी असेल. बारीकच गळा त्याचा,” कोंडीराम म्हणाले.

कांताबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली. “दुसरं कडवं येऊ द्या.”

दुसरं कडवं आलं. कोरस आला. बारीक आवाज नव्हता.

“बघ, मागे कोणीच नाही! मी म्हटलं नव्हतं?” कोंडीराम विजयी मुद्रेने वळले. तेवढ्यात मागून फस्स असा आवाज आला. पाठोपाठ भांडं आपटलं, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे तेव्हा स्टोव्ह असायचा.

“दूध!” प्रफुल्लने उडीच मारली. “आई, दूध! उतू गेलं गं, खरंच उतू गेलं!”

तिसऱ्या कडव्याला तो बारीक आवाज परत आला. कांताबाई पदराने डोळे पुसत होत्या, हसत होत्या आणि मोठमोठ्याने त्या आवाजाबरोबर गात होत्या. प्रफुल्ल खोक्यांमधून नाचत होता. शेजारची रखमा काय झालं म्हणून दारात आली आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

गाणं संपलं. कोंडीराम रिकाम्या ओट्याकडे बघत होते. भांडी सगळी खोक्यांत गेली होती.

“परत लाव,” ते म्हणाले.

या वेळी त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग बायकोकडे वळून, पार्टीतल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, “तिसऱ्या कडव्याला अर्धी ओळ उशिरा आलीस, कांता.”

“हात भाजला होता,” कांताबाई म्हणाल्या.