तसलं पात्र

लालबागच्या मंडळात लावणी नाचणारा विनीत पुढे नट झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला एकच भूमिका येत गेली. लचकत यायचं आणि हशा पिकवायचा. वीस वर्षं त्याने ती केली, मधल्या काळात इतरांचे नाच बसवले, आणि आता परळच्या एका हॉलमध्ये तो दिग्दर्शक म्हणून पहिल्या नाटकाची तालीम घेत होता.

तालीम बघून निर्माते नाईक म्हणाले, "विन्या, तुझं ते लचकणारं पात्र घाल यात. नाहीतर मी दुसरा दिग्दर्शक बघतो."

"आहे की, साहेब."

"कुठाय? अख्खं नाटक बघितलं मी."

विनीत खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"नायक तोच आहे. त्याला कुणी हसत नाही, म्हणून तुम्हाला ओळखू आला नाही."