कुठं थांबलं, ते लक्षात ठेवणारा

चपलांच्या कपाटात डबीएवढा कॉम्प्युटर बसवून त्याने घरातले सगळे सिनेमे आणि जुने व्हिडिओ टीव्हीवर आणले, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"बघता बघता कोण कुठं थांबलं, तेसुद्धा हा लक्षात ठेवतो!"

"म्हणजे तुमच्यापेक्षा बरा," बायको म्हणाली.

आठवड्याभराने टीव्हीवरच्या 'अर्धवट पाहिलेले' या यादीत त्याला त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ दिसला. ही चोरून बघते तर! त्याला गुदगुल्या झाल्या. त्याने तो तिथून पुढे चालू केला. मैत्रिणींच्या घोळक्यात नवरी खदखदून हसत होती आणि दारातून नवरदेव आत येत होता.

"अगं, नेमका मी आलो तिथंच बंद केलास?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "त्यापुढचं घरात रोजच चालू आहे. ते कुठं बंद करता येतंय!"