मंगळावरून आलेले मूल

"हे प्रकरण वगळा, तरच पदवी मिळेल," बाह्य परीक्षक म्हणाले. "जपानी चित्रकथा आणि रशियन चित्रपट यांच्या पंक्तीला तुम्ही दशावतार बसवता! या विज्ञाननाट्याची संहिता कुठे आहे?"

कोकणातल्या दशावतारी नटांच्या विज्ञाननाट्यावरचे ते प्रकरण हर्षदाच्या विज्ञानकथेवरील सहा वर्षांच्या प्रबंधाचा कणाच होते. "सर, दशावतारात संवाद रंगमंचावरच सुचतात," ती म्हणाली. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली.

मौखिक परीक्षा खुली होती; श्रोत्यांतून वृद्ध दशावतारी नट बाबी मेस्त्री उठले. "लिहून कोण नाचता, सायबानू? विषय सांगा."

"मंगळावर जन्मलेले मूल प्रथमच पृथ्वीवर उतरते," परीक्षकांनी आव्हान दिले.

बाबींनी एक पाऊल टाकले आणि ते गुडघ्यांवर कोसळले. जड झालेले मस्तक दोन्ही हातांनी सावरत ते कळवळले, "आये, ही जमीन माका खाली वढता कशाक गो?"

"मग? आई उचलते त्याला?" परीक्षकांच्या तोंडून निघून गेले.

"आधी प्रकरण ठेवा, मगे सांगतंय."

हशा आणि टाळ्या उसळल्या. परीक्षकांनी अहवालावर 'प्रबंध स्वीकृत' असे लिहिले आणि खुर्ची पुढे ओढली.