बिनआवाजाची बंदूक

माहेरी फोन करायचा तर भूमिकाला तो नवऱ्यासमोर, स्पीकरवर ठेवूनच करावा लागे. तिच्या नवऱ्याला, साहिलला, एअरसॉफ्टचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीचा, नाद. मानेवाड्याच्या दोन खोल्यांत तो रोज संध्याकाळी प्लास्टिकच्या गोळ्या झाडत बसायचा आणि बंदुकीचा गिअरबॉक्स घरभर खरखरायचा. आज त्याने गिअरना घट्ट ग्रीस लावलं, पिस्टनला सिलिकॉनचं, आणि चाप ओढून पाहिला.

"पाह्य वं, आवाजच गेला! तुले कटकट होते म्हणून केलं," तो समोरच्या खोलीतून खुशीत ओरडला.

 

स्वयंपाकघरात चोरून फोनवर बोलणारी भूमिका घाईघाईने कुजबुजली, "ठेवते वं आई, आता त्याले सगळं ऐकू जाते. बाबाले सांग, मले उद्याच घ्याले या."