फुलवातींची डबी

"रातभर यहीं खडी थी पंडितजी, किसी ने हाथ तक नहीं लगाया," जुन्या गाड्यांचा दलाल बाबांना सांगत होता. गाडी मी घेणार होते, काशीच्या यात्रेकरूंना घेऊन चालवणारही मीच, पण तो माझ्याकडे बघतही नव्हता. दोन लाख किलोमीटर पळालेलं इंजिन आतून झिजलं असेल, तर थंड असताना सुरू करताच खडखडतं. आधीच तापवून ठेवलं तर गप्प बसतं. "कालिंदी, भला माणूस दिसतोय, घेऊन टाक," बाबा म्हणाले. त्यांना अहिल्याबाई घाटावर पूजेला पोचायचं होतं. मी त्यांच्या पिशवीतून फुलवातींची डबी काढली. जानेवारीच्या थंडीत वातींवरचं तूप दगडासारखं थिजलं होतं. एक फुलवात मी बॉनेटवर ठेवली. तिची कड ओली झाली, मग ती खाली बसली आणि तुपाचा ओघळ नंबरप्लेटकडे निघाला. रात्रभर हात न लागलेलं बॉनेट चांगलंच गरम होतं. "ठंड में तो हर इंजन थोडा बोलता है, मॅडम." दलालाला आता मी दिसले. मी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून गाडीसमोर बसले. "बोलने दीजिए. मैं सुनने ही आई हूँ." बाबांनी घड्याळ पाहिलं, मग यजमानांना फोन करून पूजा पुढे ढकलली आणि डबी उघडून माझ्या मांडीवर ठेवली. "अजून आठ आहेत. एखादीचं तूप जागचं हललं नाही, की चावी लाव."